लाव्यांचा पंचनामा

मेलेलं पिल्लू दिसलं की आमच्या घरमालकांचा चेहरा उजळायचा. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला ते क्रूर वाटतात, म्हणून आधीच सांगून टाकते, मुंगीवर पाय पडला तरी मागे वळून बघणारा तो माणूस. पण पिल्लू मरून पडलंय आणि कोणी मारलं ते कळत नाहीये म्हटल्यावर ते हातातला चहा तसाच ठेवून उठत. कपाटावरून केकचा चौकोनी ॲल्युमिनियमचा डबा काढत, त्यात केळीचं पान पसरत, पिल्लू दोन्ही हातांनी उचलून त्यावर ठेवत आणि म्हणत, "आधी मेलेल्याक इचारूया."

मग भिंग यायचं. मग बायकोच्या शिवणाच्या पेटीतली टेप यायची. जखम कुठे आहे, किती रुंद आहे, डोकं खाल्लंय की पोट, पिसं उपटलीत की नुसती विस्कटलीत, हे सगळं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं जायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन गोव्याला होती, आणि घरात ते आणि त्यांचा कुत्रा असे दोघेच. घराचा दुसरा अर्धा भाग त्यांनी आम्हाला भाड्याने दिला होता. माझा नवरा कट्टा गावच्या बाजारात रिक्षा चालवायचा, त्याला ते घर सोयीचं होतं. तो दिवसभर स्टँडवर, घरात मी आणि सासूबाई.

घरमालक हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. सगळा गाव त्यांना सर म्हणायचा, म्हणून आम्हीही. सर घरात आमच्यासारखंच मालवणी बोलायचे, पण तपास सुरू झाला की भाषा बदलायची. "काय गो बाये, जेवलंस?" असं विचारणारा माणूस पुढच्या क्षणाला "मृतदेह कोणी हलवला आहे का?" असं विचारी. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. तेव्हा त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं, की मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

तपास फक्त पिल्लांचा असे असंही नाही. दूध नासलं तर दूधवाल्याला बोलायची सोय नव्हती. भांडं कुठलं, कधी घासलं, झाकण कोणी ठेवलं, अशी चौकशी व्हायची आणि बहुतेक वेळा आरोपी म्हणून मीच सापडायचे. झाडाखाली अर्धा खाल्लेला आंबा मिळाला की दातांच्या खुणा बघून वटवाघूळ की खार ते सांगत. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी एकदा आदम-इव्हाची गोष्ट सांगितली, तर बाहेर आल्यावर सरांनी त्यांना गाठून म्हटलं, "सापाचो जबाब कोणीच घेवक नाय, फादर." पाद्रीबाबा चांगले म्हणून हसले. उगाच कुणाचं नाव घेतलेलं सरांना खपायचं नाही. कोणी बोट दाखवलं की म्हणायचे, "बोट दाखवचा आसा तर आधी हात धुवन ये." आणि खरंच धुवायला लावायचे. पडवीच्या कोपऱ्यात त्यासाठी कळशी भरून ठेवलेली असे.

त्यांच्या दर्शनी खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची मूर्ती, लग्नाचा फोटो आणि बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा. सासूबाईंनी एकदा बिस्किटं असतील म्हणून तो उघडला. आत कागदाच्या छोट्या छोट्या पुड्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: मुंगूस. रानमांजर. कांडेचोर, फणस खाऊन. सगळी जनावरांची विष्ठा! सासूबाईंनी त्या दिवशी दोनदा अंघोळ केली आणि सरांच्या घरचं पाणी प्यायचं बंद केलं. सर मात्र काळजीत पडले, पुड्यांचा क्रम बदलला तर नाही ना म्हणून.

कुत्र्याचं नाव जॉली. नाव ठेवताना तो तसा असेलही, मी बघितला तेव्हा म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेला आणि कायम खंतावलेला असायचा. सर त्याला पाव चहात बुडवून भरवायचे, कारण दात उरले नव्हते. दोघे एकाच वेळी उठत, एकाच वेळी पडवीत बसत, आणि पाऊस लागला की दोघांचेही गुडघे दुखत.

आता लाव्यांकडे येते. लावा म्हणजे मुठीत मावेल एवढा पक्षी. मालवणात पर्यटकांना त्याचं सुकं फार आवडतं. बचत गटात प्रशिक्षण झालं आणि मी मनावर घेतलं. सरांचा मागचा गोठा रिकामा होता, तो त्यांनी दिला. पुढून जाळी मारली, उबेला बल्ब लावला आणि पिल्लं आणली. सुपारीएवढी पिल्लं, एकाला एक चिकटून बसायची. मालवणच्या एका हॉटेलवाल्याने मोठी झाली की सगळी घेतो म्हणून सांगितलं होतं. नवरा म्हणाला, "बघ, तुका झेपता काय." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी एकटीने म्हणून उभं केलेलं काही नव्हतं, हे पहिलंच होतं. ते बुडलं असतं तर तो मला काही बोलला नसता, नुसता हसला असता, आणि तेच मला नको होतं.

सासूबाईंना सुरुवातीला लावे पसंत नव्हते. पण मग आमच्या परसात रोज भारद्वाज यायला लागला. आमच्याकडे त्याला कुकूडकोंबो म्हणतात. सकाळी तो दिसला की दिवस चांगला जातो, गोडधोड मिळतं असं मानतात, आणि हा तर रोज दिसायचा. सासूबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर उभ्या राहून त्याला हात जोडायच्या. "तुझे लावे इले आणि लक्षुमीचो पाय लागलो गो," असं मला म्हणायच्या. जॉली मात्र नतद्रष्ट. पक्षी दिसला की लंगडत त्याच्या अंगावर जायचा. मग सासूबाई "हाड! मेल्या, चांगला काय दिसूचा नाय तुका!" करून त्याला चुलीतलं लाकूड फेकून मारायच्या.

पिल्लं पंधरा दिवसांची झाली आणि मरायला लागली.

पहिल्या सकाळी दाणे घालायला गेले, तर एक कमी आणि एक कोपऱ्यात मरून पडलेलं. मी हाक मारली आणि सर केकचा डबा घेऊन हजर झाले. पिल्लू बोटावर लोळवून म्हणाले, "हे रात्री मेलेलं नाही. ताठ होऊन पुन्हा सैल झालंय, मुंग्याही लागल्यात. काल दिवसा मेलंय." मी म्हटलं, "काल सकाळी मी मोजलेली." ते म्हणाले, "आणि संध्याकाळी?" संध्याकाळी मी मोजत नव्हते. पण हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, रात्रीच काहीतरी येतं, मला माहीत आहे.

चौथ्या दिवशी एक पिल्लू गोठ्याबाहेर मिळालं. जॉलीच्या गोणपाटावर! ओलं, लाळेने चिकट झालेलं, आणि जॉलीच्या तोंडाला पिसं. मला आणखी काय हवं होतं? मी हात न धुताच बोट दाखवलं.

सरांनी पिल्लू डब्यात घेतलं. बराच वेळ भिंगातून बघितलं. मग शुद्ध मराठीत म्हणाले, "लाळ जॉलीची आहे. जखम त्याची नाही. डोक्यामागे एकच भोक आहे, टोचल्यासारखं."

"तेच्या तोंडाक पिसां हत सर! आणि तेका दात पन नाय म्हणतलास आता."

"ता मी म्हणणंय नाय," ते म्हणाले. "दात नसलेली माणसा पन कोंबडी खातत." मग भिंग खाली ठेवलं. "मी आरोपीचो मालक. माझा मत धरू नको. तू माका आठ दिवस दी. जॉली ठरलो, तर मी स्वता तेका घेवन जातंय."

कुठे घेऊन जाणार ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा हात कुत्र्याच्या डोक्यावर होता आणि आवाज परीक्षेत पेपर वाटताना असावा तसा होता. मला दया यायला हवी होती. पण मी तेव्हा पिल्लं मोजत होते आणि माझं डोकं फिरलेलं होतं. त्याच दुपारी वरच्या वाडीतल्या एका शेजाऱ्याकडून मी औषधाची पुडी आणली. तो म्हणाला, मटणाच्या तुकड्यात घाल, कोणाक कळूचा नाय. ती पुडी मी मिठाच्या बरणीमागे ठेवली. आठ दिवस थांबू, असं मनाशी म्हटलं. 

सरांनी त्याच संध्याकाळी जॉलीला बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा. दर्शनी पडवीच्या खांबाला, गोठ्यापासून लांब. त्याच्यासाठी दोरी नव्हती, तर धोतर वाळत घालायची सोडून आणली. जॉलीने दोरीकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं आणि निमूट खाली बसला. सर त्या रात्री जेवले नाहीत, हे मला सासूबाईंनी सांगितलं.

मला त्यांनी एक काम लावलं, पिल्लं सकाळ-संध्याकाळ मोजायची आणि कॅलेंडरवर लिहायची. तीन दिवसांत दोन गोष्टी कळल्या. रात्री एकही पिल्लू जात नव्हतं. आणि जॉली बांधल्यापासून दिवसाला एक-दोन जायची ती तीन-चार जायला लागली. मी कॅलेंडर सरांना दाखवलं. मला वाटलं, सर म्हणतील, बघितलंस? पण सर दोरी सोडायलाही उठले नाहीत.  म्हणाले, "तो नाही, एवढं दिसतंय. कोण, ते अजून दिसलेलं नाही. बांधलेला राहू दे."

सासूबाईंचं मत तयार होतं. जागेवाल्याचा मान चुकला. प्रत्येक जागेला राखणदार असतो, वर्षाला त्याला नारळ नाहीतर कोंबडा द्यावा लागतो, आणि सर तर ख्रिस्ती, ते कुठून देणार? हे त्यांनी सरांच्या तोंडावर सांगितलं. सरांनी कॅलेंडरवर संशयितांची यादी केली होती, तिच्यात त्यांनी गंभीरपणे शेवटी लिहिलं: राखणदार. मग सासूबाईंना म्हणाले, "घराण्यान बाप्तिस्मो घेतलो वैनी, जागेन नाय घेवक. नारळ मी दरवर्षी देतंय, फणसाच्या मुळात. आणि एवढ्या मोठ्या माणसाक राग इलो, तर तो दोन-चार लाव्यांर भागता काय?" सासूबाईंना हे पटलं. सरांनी ते नाव आदराने, पट्टी लावून खोडलं.

नंतर त्यांनी चुलीतली राख मागितली. ती पिठाच्या चाळणीने चाळून गोठ्यात आणि गोठ्याभोवती पसरली. सकाळी दाणे घालून झाल्यावर पसरली आणि दुपारी मला बोलावलं. राखेत पावलं उमटली होती. सर ओणवे होऊन बघत होते आणि त्यांच्या नाकाला राख लागली होती.

"बघ, बाये. कावळ्याची, कोंबडीची तीन बोटां फुडे आणि एक फाटी. ह्याची बघ."

दोन बोटं पुढे, दोन मागे. कोणी शाळकरी पोराने फुल्या काढाव्या तशी पावलांची ओळ गोठ्याच्या मागच्या भिंतीकडे गेली होती. तिथे नारळाची चुडतं, वाळलेल्या झावळ्या, रचून ठेवली होती. चुडतं बाजूला केली तर खाली वीतभर भोक. गुरं होती तेव्हा गोमूत्र वाहून जायला ठेवलेली मोरी. पुढची सगळी जाळी आम्ही बोट बोट तपासली होती, आणि मागे हे दार सताड उघडं होतं.

"ही मोरी मी स्वतः बांधली," सर म्हणाले. "चूक माझी. लिहून घे."

"पन येता कोण सर?"

त्यांना कळलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण बघितल्याशिवाय ते नाव घेईनात. चुडतं होती तशी ठेवली, जॉलीला सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं लाकडांच्या रचाईमागे बसलो. सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं. त्या नेहमीप्रमाणे पायरीवर तांदूळ पाखडत होत्या.

तो आला. वईच्या कुंपणातून चालत आला, उडत नाही. कावळ्यापेक्षा जरा मोठा, काळा कुळकुळीत, पंख तांब्याच्या भांड्यासारखे, डोळा लालभडक. लग्नातल्या मानकऱ्यासारखा सावकाश परसातून चालत गेला. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि हात जोडले. तो चुडतांखाली शिरला. आत पिल्लांचा एकच गलका झाला, आणि तो बाहेर आला तेव्हा चोचीत माझं पिल्लू होतं. सासूबाईंचे हात अजून जोडलेलेच होते.

मी ओरडणार, एवढ्यात जॉली उठला. एका डोळ्याने किती दिसलं त्याला कोण जाणे. लंगडत, कसाबसा धावत तो पक्ष्याच्या अंगावर गेला. भारद्वाज दचकून जड जड उडाला आणि पिल्लू चोचीतून पडलं. जॉलीने ते हुंगलं, चाटलं. मग तोंडात अलगद धरून आपल्या गोणपाटावर नेलं, दोन पायांमध्ये ठेवलं आणि त्याच्यावर हनुवटी टेकून बसला. पिल्लू मेलं होतं, हे त्याला कळत नसावं. किंवा कळत असेल आणि तरी बसला असेल.

"हाड तुझ्या!" असं सासूबाई ओरडल्या. त्यांच्या जन्मात पहिल्यांदाच जॉलीला सोडून दुसऱ्या कोणाला तरी.

सर रचाईमागेच बसून राहिले. उठून सांगावं, मी म्हटलं नव्हतं का, तसं काही नाही. चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसत होते, आणि तो चष्मा मुळीच मळलेला नव्हता.

त्या दिवशी दुपारी आम्ही मोरीला जाळी बसवली. नंतर एकही पिल्लू गेलं नाही. उरलेले लावे मोठे होऊन मालवणला गेले आणि नवरा हसला नाही. सासूबाईंनी भारद्वाजाला हात जोडायचं काही सोडलं नाही, फक्त म्हणू लागल्या, "पाया पडतंय तुझ्या, पन लांब ऱ्हव."

पण ते सगळं नंतरचं. जाळी बसवली त्या संध्याकाळी मी मिठाच्या बरणीमागची पुडी घेऊन सरांकडे गेले आणि त्यांच्यासमोर ठेवली. काय ते सांगितलं. वाटलं, आता घर सोडायला सांगतील, आणि सांगितलं असतं तर मी निमूट गेले असते.

ते उठले आणि कपाटातला बिस्किटांचा डबा घेऊन आले. सगळ्या पुड्या काढून ओळीने मांडल्या. डब्याच्या तळाशी चामड्याचा एक पट्टा होता, कुत्र्याच्या गळ्यातला, सुकून कडक झालेला.

"ह्यो जॉलीच्या आधीच्या कुत्र्याचो," ते म्हणाले. "माझ्या बायलेच्या कोंब्ये जाय होते. एक, दोन, करत. माका वाटला ह्योच. मी बघूक नाय, इचारूक नाय. असलीच पुडी आणलंय आणि घातलंय तेका." हे सगळं मालवणीतच चाललं होतं, एक शब्द शुद्ध नाही. "तेच्या फुडल्या आठवड्यात आणखी दोन कोंब्ये गेले."

 मी विचारलं, बाई काय म्हणाल्या?

"काय नाय. ती माका कधी काय बोलाक नाय. त्या नाताळाक नेवऱ्यो केल्यान, दोदोल केल्यान, केक करूक नाय. फुडे कधीच करूक नाय. कोणी इचारला तर सांगी, डबो गळता." त्यांनी कपाटावरच्या चौकोनी डब्याकडे बघितलं. "मी पानी भरून बघलंय. थेंब गळना नाय."

मग आम्ही फणसाखाली खोल खड्डा खणून ते औषध पुरलं. रिकामा कागद सरांनी नीट घडी घातला, त्याला दोरा बांधला आणि चिठ्ठी लावली. पेन्सिलीने लिहिलं: वापरलं नाही. ते लिहिलेलं एकदा वाचलं आणि कागद पट्ट्याशेजारी ठेवला. मी पडवीत जाऊन कळशीतल्या पाण्याने हात धुतले. मला कोणी सांगितलं नव्हतं.

सर जाऊन आता तीन वर्षं झाली, आणि जॉली त्यांच्या आधी वर्षभर. त्यांची आठवण निघाली की गावातले लोक सापाच्या जबाबाची गोष्ट सांगून हसतात. मला आठवतो तो लाव्यांच्या वर्षीचा नाताळ. दुपारी सर स्वतः आमच्या दारात ताटली घेऊन आले, वर क्रोशाचा रुमाल झाकलेला. रुमालाखाली केक. खालून करपलेला, मधे बसलेला, एका बाजूला कच्चा. शर्टाच्या बाहीला राख लागली होती, डबा घासताना लागली असावी.

सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि मला हळूच विचारलं, "ह्यो भाजल्यान कित्यात गो?"

मी म्हटलं, "नवीन भांडा घेतल्यानी." आणि दुसरा तुकडा मागून घेतला.